वेळेवर वाढलेले पान

एकदा एका सधन व्यापाऱ्याने वृद्ध वैद्यबुवांना घरी बोलावले. त्याच्या वडिलांच्या पायांतले बळ सरत चालले होते. आधाराशिवाय त्यांना खुर्चीतून उठवत नव्हते. औषधांची पेटी घेऊन शिष्य गुरूंच्या मागोमाग गेला. नेमकी त्या दिवशी अविधवा नवमी होती, व्यापाऱ्याच्या आईचे श्राद्ध. मुहूर्त टळू नये म्हणून घरभर लगबग चाललेली.

वैद्यबुवांनी म्हाताऱ्याचा दंड चाचपला, मांडी चाचपली. सैल कातडीखाली हाड लागत होते.

"सकाळपासून काय घेतलंत?"

"चहा. दोन टोस्ट. रोजचंच."

मुलगा घाईने म्हणाला, "पण रात्री हयगय नाही हो! उसळ, पनीर, वाटीभर दही, वर मसाला दूध. दिवसभराचं एकदाच भरून काढतो. मी स्वतः समोर बसतो." सांगताना त्याची छाती फुगली होती. शिष्यालाही वाटले, मुलगा असावा तर असा.

तेवढ्यात आईचे पान वाढून झाले. वैद्यबुवा शांतपणे म्हणाले, "ते झाकून ठेवा. रात्री ठेवू, दुप्पट वाढून."

शिष्य चपापला. गुरूंना भ्रम तर झाला नाही? व्यापारी संतापला. "भलतंच काय! वेळ टळली की पितरांना पोचत नाही, एवढंही ठाऊक नाही तुम्हाला?"

"मेलेल्या बाईला वेळ कळते," वैद्यबुवा म्हणाले, "आणि जिवंत म्हाताऱ्याच्या अंगाला कळत नाही? तरुण देह अवेळी, एकदम मिळालेलंही मार्गी लावतो. म्हातारपणी तसं होत नाही. डाळ, दूध, कडधान्य यांचा वाटा सकाळी हवा, दुपारी हवा, रात्रीही हवा. आणि जरा चालून आल्यावर तर हवाच. दिवसभर यांचे स्नायू उपाशी झिजतात. रात्रीचं तुमचं ताट म्हणजे वरातीमागून घोडं."

म्हातारा हळूच म्हणाला, "ही होती तोवर मी फिरून आलो की वाटीभर मूग नि दूध पुढ्यात यायचं."

"बाबा, मग मागायचंत ना!"

"तिच्यासाठी आज कुणी मागितलं होतं का रे?"

व्यापाऱ्याने स्वतः आत जाऊन दूध आणले. म्हाताऱ्याला तो पेला एका हाताने पेलवेना.

परतताना शिष्याने विचारले, "आता येईल बळ?"

"गेलेलं सगळं नाही येणार. उरलेलं टिकेल, उद्या सकाळी मुलाच्या लक्षात राहिलं तर."

वैद्यबुवा वाटेत एका पायरीवर टेकले. उठताना त्यांनी शिष्याच्या खांद्यावर हात ठेवून सगळा भार टाकला. गेले वर्षभर तो या हाताला आशीर्वाद समजत आला होता. सात वर्षे रोज सकाळी आपण गुरूंपुढे नुसता चहा ठेवतो, हे त्याला आठवले आणि स्वतःची लाज वाटली. त्याने कधी विचारले नव्हते, गुरूंनी कधी मागितले नव्हते.

घरी पोचताच त्याने मूग भिजत घातले.