वेळुणचा हाकेचा कडा

वेळुणच्या गडावर चढून आलात की उजव्या हाताला हा कडा लागतो. फार पुढं जाऊ नका, इथंच बसा. दगड गुळगुळीत झालाय, पाय सरकतो. समोर दिसतं ते धनगरपठार. मधली दरी एवढी खोल की तळाची नदी इथून करगोट्याएवढी दिसते. या कड्यावरून हाक मारली की ती तीन वेळा परत येते. येणारे-जाणारे आपापल्या नावानं ओरडतात, हसतात, फोटो काढतात नि उतरतात. ओरडा, ओरडायला कुणाची ना नाही. पण हा कडा पूर्वी मुका होता, असं सांगतात. इथून कितीही ओरडलं तरी पलीकडं ऐकू जायचं, पण हाक परत यायची नाही. त्याला वाचा फुटली ती वेळुणकरांच्या सातव्या पिढीत, एका सुनेमुळं.

वेळुणकर हे या घाटाचे राजे. मोठे छत्रचामरवाले नव्हेत. वर सुलतान होता, त्याला ते मुजरा करायचे. पण घाटापुरतं त्यांचंच राज्य. पहिला नागोजी म्हणे नुसता वाटाड्या होता. सुलतानाची फौज धुक्यात वाट चुकली, ती यानं एकट्यानं खाली उतरवली, एक माणूस की एक बैल गमावला नाही. सुलतान खूश झाला नि म्हणाला, घाट तुझा, तुझ्या पोराबाळांचा. त्या नागोजीचा मुलगा खेळोजी. त्यानं गड बांधला. खेळोजीचा पुन्हा नागोजी, त्यानं तळं खणलं. त्याचा खेळोजी, तो निव्वळ शिकारीत गेला, त्याचं सांगण्यासारखं काही नाही. आपल्याकडं आज्याचं नाव नातवाला ठेवतात ना, तसंच. एक नागोजी, एक खेळोजी, एक नागोजी, एक खेळोजी. पाचव्या पिढीचा नागोजी सगळ्यांत शहाणा निघाला. त्याच्या काळात घाटात वाटसरूच्या अंगाला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

या नागोजीची सून म्हणजे गिरजाबाई. तिचा नवरा सहाव्या पिढीचा, खेळोजी. तिला मुलगा झाला तेव्हा सासरे जाऊन वर्ष उलटलं होतं. बारशाला नणंदेनं बाळाला मांडीवर घेतलं, कानात नाव सांगितलं, नागोजी. बायकांनी रीतीप्रमाणं तिच्या पाठीत धपाटे घातले. पाळणा म्हटला. सगळं झालं, पण गिरजाबाईची पंचाईत तिथूनच सुरू झाली. सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नाही. आणि पोराचं नाव तेच. म्हणजे पोटच्या पोराला त्याच्या नावानं हाक मारायची सोय नाही! तेव्हा घरोघरी असंच असायचं. आया पोराला दादा म्हणत, बाळ्या म्हणत. गिरजाबाई त्याला राघू म्हणायला लागली.

राघू पाच वर्षांचा असताना खेळोजी सुलतानाच्या मोहिमेत पडला. मागं राहिला त्याचा धाकटा भाऊ हैबतराव. भाऊबंदांनी ठरवलं, मुलगा सोळा वर्षांचा होईपर्यंत हैबतरावानं कारभार बघायचा. मग रीतीप्रमाणं मुलाला घरच्या माणसानं नावानं हाक मारून गादीवर बोलवायचं. तो हजर झाला तर राज्य त्याचं, नाही तर हैबतरावाचं. सुलतानाचा शिक्काही तसाच पडला.

महिना झाला नाही तोच राघूच्या तट्टाच्या खोगिराचा पट्टा अर्धा कापलेला सापडला. गिरजाबाईनं तो पट्टा कुणाला दाखवला नाही. नणंदेला मात्र दाखवला. ही नणंद विधवा होऊन माहेरी आलेली, हैबतरावाची थोरली बहीण, सगळे तिला आक्कासाहेब म्हणत. तिनं पट्टा हातात घेऊन उलटापालटा केला. म्हणाली, "उंदराचे दात एवढे सरळ नसतात, वहिनी."

दोघींनी मिळून पोराला लपवलं. समोरच्या पठारावर धुळा नावाचा धनगर होता, खेळोजीच्या विश्वासातला. तो गडावर घोंगड्या घेऊन आला आणि जाताना पाठीवरच्या गठ्ठ्यात पोर घेऊन गेला. निघताना खूण ठरली. आक्कासाहेब धुळाला म्हणाली, "राघू हे नाव गडावरच्या मांजरालासुद्धा ठाऊक आहे. त्या नावानं कुणी हाक मारली तर याला सोडू नकोस. पुरुषानं खऱ्या नावानं बोलावलं तरी सोडू नकोस, माझा भाऊसुद्धा ते नाव घेऊ शकतो. सोळावा पाडवा आला की मी कड्यावरून हाक मारीन. बाईच्या आवाजात ते नाव आलं की समज, मीच."

हे अगदी पक्कं होतं. त्या घरात ते नाव तोंडावर घेणारी बाई एकच, घरची लेक. बाकी सगळ्या सुना. मग आक्कासाहेबानं धुळाच्या कानाशी तोंड नेऊन ते नाव सांगितलं. गिरजाबाई शेजारीच उभी होती, पण स्वतःच्या मुलाचं नाव सांगायला तिला नणंद लागली. आणि यात काही अडचण येईल हे त्या दोघींपैकी एकीच्याही ध्यानात आलं नाही. नावं घेणं हे नणंदेचं काम, त्यात विचार कसला करायचा?

अकरा वर्षं गेली. दर पाडव्याला हैबतराव भर सभेत विचारायचा, "वहिनीसाहेब, युवराज कुठं आहेत?" गिरजाबाई दोनच शब्द बोलायची, "सुखरूप आहेत." एवढं बोलून आत जायची. पण रोज दुपारी कामं आवरली की ती या कड्यावर येऊन बसायची. समोरच्या पठारावर मेंढरं दिसायची, तिळासारखी पांढरी. त्यांच्यामागं काठी घेऊन एक काळा ठिपका चालायचा. तो राघू की धुळा, की धुळाचा भाऊ, हे इथून कळायचं नाही. ती तिघांनाही मनातल्या मनात ओवाळायची, असं म्हणतात.

सोळाव्या वर्षी, माघाच्या थंडीत, आक्कासाहेब खोकला धरून गेली.

गिरजाबाईला पहिल्या दिवशी नणंदेचं दुःख होतं. तेराव्यानंतर तिच्या ध्यानात आलं की पोराला हाक मारणारं आता घरात कुणी उरलं नाही. निरोप पाठवावा तर हैबतरावानं गडाचे दरवाजे नि नदीचा उतार दोन्हीकडं माणसं बसवली होती. त्याला पोर कुठं आहे ते ठाऊक नव्हतं, पण कुठून तरी येणार एवढं ठाऊक होतं.

पाडवा उजाडला. सुलतानाचा सुभेदार आला. भाऊबंद या कड्यावरच जाजमं टाकून बसले. त्यांच्यात सगळ्यांत वडील परसोजीबाबा, नव्वदीचे, डोळ्यांनी अंध. ते म्हणाले, "रीत पुरी करा. हाक मारा."

हैबतराव उठला. त्याला काही भीती नव्हती. कड्याच्या टोकाला जाऊन त्यानं चांगल्या खणखणीत आवाजात हाक मारली, "नागोजीऽऽ!" तीन वेळा मारली. दरीतून एकही परत आली नाही. पलीकडून काही नाही. आता पठारावर धुळा पोराचा दंड धरून बसला होता, हे इकडं कुणाला दिसणार? पोर म्हणत होतं, "बाबा, मला बोलावतायत." धुळा म्हणत होता, "बाप्याचा आवाज हाय. गप बस."

हैबतराव मागं वळला. "ऐकलंत? असता तर ओ दिली असती. मी काही घाई करत नाही. वहिनीसाहेब आई आहेत, त्यांनीही मारून बघावी हाक."

सभेत दोघं-चौघं हसले. सगळ्यांना माहीत होतं, ती मारू शकत नाही. गिरजाबाईची दासी कोंडाई पुढं सरकली. "मी मारते की. मला कुठं सासरे लागतात ते?"

"दासीच्या हाकेला राज्य द्यायचं?" हैबतराव म्हणाला. "घरच्या माणसाची हाक हवी."

भाऊबंदांनी माना हलवल्या. रीत तशीच होती. चुलत घरच्या लेकी आपापल्या सासरी होत्या. हैबतरावाची बायको तिथं होती, चुलत जावा होत्या. त्या सगळ्या सुनाच, त्यांनी माना खाली घातल्या. सुभेदारानं हैबतरावाच्या नावचा कागद उलगडला.

तेव्हा गिरजाबाई उठली. आजच्या पोरींना वाटेल, त्यात एवढं काय? एक नाव तर घ्यायचं. पण ती ज्या घरात नांदली त्या घरात 'नागपंचमी' म्हणायची वेळ आली तर ती 'पंचमी' म्हणायची, नागाला 'लांबडं' म्हणायची. सासऱ्यानं तिला लेकीसारखं वागवलेलं. त्याचं नाव, तेही एकेरी, भर सभेत, परक्या सुभेदारासमोर. वडीलधाऱ्यांच्या नावाचा अपमान करणाऱ्या सुनेला घराबाहेर काढत, तिच्या हातचं पाणी चालत नसे. आणि नाव घेऊनही पोर आलंच नाही तर? अकरा वर्षं तिनं त्याला ठिपक्याएवढाच पाहिला होता.

ती टोकाला गेली. खाली सासऱ्याची समाधी आहे, तळ्याच्या काठी, इथून दिसते. तिकडं तोंड करून तिनं हात जोडले. शेजारी कोंडाई होती, तिनं ऐकलं म्हणे. ती म्हणाली, "मामंजी, एवढं एकदा पोटात घाला."

मग हाक मारली. "नागोजीऽऽ!"

एकदाच. आणि जो कडा आजवर कुणाशी बोलला नव्हता, त्यानं ती हाक उचलली. डावीकडून आली, नागोजी. खालून आली, नागोजी. पठाराकडून आली, नागोजी. सभेतले लोक उठून उभे राहिले. सुभेदाराच्या घोड्यानं कान टवकारले. आणि ते सगळं विरता विरता पलीकडून, अगदी बारीक, एक आवाज आला.

"ओऽऽ!"

गिरजाबाई तिथंच खाली बसली.

हैबतराव भडकला. "सासऱ्याचं नाव! एकेरी! हिला या घरात पाणी नाही, आणि हिच्या पोराला गादी नाही."

परसोजीबाबांनी काठी आपटली. "हैबती, मला दिसत नाही, पण ऐकू येतं. तू किती हाका मारल्यास?"

"तीन."

"आल्या किती?"

"मारल्या तेवढ्याच ऐकू आल्या, तीन."

"हिनं किती मारल्या?"

"एक."

"आल्या किती?"

हैबतरावानं तोंड फिरवलं. मागून कोंडाईच बोलली, "चार ऐकू आल्या, बाबा."

"मग तीन वेळा नाव घेतलंय ते या कड्यानं," परसोजीबाबा म्हणाले. "मोठा गुन्हेगार तो. आधी त्याला घराबाहेर काढ, मग सुनेचं बघू."

पोराला दरी उतरून गड चढायला दुपार कलली. नदीच्या उतारावर बसलेल्या पहारेकऱ्यांनी त्याला अडवलं नाही. चारही हाका त्यांनी ऐकल्या होत्या, आणि अशा हाकेला निघालेल्या माणसाच्या आडवं कोण येतं? खांद्यावर घोंगडी, मागं धुळा नि त्याचं कुत्रं, असा तो सभेत आला. परसोजीबाबांनी त्याला जवळ बोलावून कान चाचपले. वेळुणकरांच्या कानाची पाळी गालाला चिकटलेली असायची, पिढ्यान्‌पिढ्या. बाबांनी एक कान चाचपला, दुसरा चाचपला नि म्हणाले, "कागद गुंडाळा, सुभेदारसाहेब."

गिरजाबाईला म्हणे त्याला पोटाशी धरायचं धाडस होईना, एवढा उंच झालेला. तो वाकला तेव्हा ती म्हणाली, "राघू, जेवलास का?" आणि सासऱ्याचं ते नाव तिनं पुन्हा कधी घेतलं नाही.

हैबतरावाचं काय झालं, याच्या दोन गोष्टी आहेत. कुणी म्हणतात तो कोकणात उतरला तो परत आला नाही. आमच्याकडं सांगतात की नव्या राजानं त्याला घाट राखायला बसवलं, आणि म्हातारपणी तो ते काम चोख करायचा. मला दुसरं पटतं. घरातला माणूस जाणार कुठं?

दोन वर्षांनी नागोजीचं लग्न झालं. पुढच्या वर्षी मुलगा. आज्याच्या नावावरून नाव ठरलेलंच, खेळोजी. पण नागोजीला बहीण नव्हती. बाळाला आत्या कुठून आणायची? भाऊबंद म्हणाले, चुलत घरातली लेक बोलावू. नागोजी म्हणाला, "नको. ज्या आवाजानं मला राज्य दिलं तो आईचा होता. याचं नाव याची आई घेईल, कड्यावर, मोठ्यानं."

सून घाबरली. खेळोजी म्हणजे तिच्या सासऱ्याचं नाव. ती गिरजाबाईला म्हणाली, "आत्याबाई, माझी जीभ झडेल."

गिरजाबाईनं तोंड उघडून जीभ दाखवली. "माझी झडली का? चल. आणि पुटपुटू नकोस, खाली गुराख्याला ऐकू गेलं पाहिजे."

तर सगळं गाव या कड्यावर जमलं. सून बाळाला घेऊन टोकाला उभी राहिली. गिरजाबाई मागं, बायकांत बसली होती. पोरीनं डोळे मिटून हाक मारली, "खेळोजीऽऽ!"

आणि डावीकडून आली, खेळोजी. खालून आली, खेळोजी. पठाराकडून आली, खेळोजी.

गिरजाबाईच्या नवऱ्याचं नाव ते. तिनं ते लग्नात उखाण्यात घेतलं असेल, तेवढंच. तो गेल्यापासून गडावर त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती, कुणाला मारणार? बायकांनी तिच्याकडं पाहिलं. ती रडली नाही. तिनं पटकन पदर डोक्यावरून पुढं ओढला, दारातून नवरा आत आल्यावर ओढतात तसा, आणि सावरून बसली.

राज्य गेलं, सुलतान गेले, वेळुणकर आता खाली गावात शेती करतात. पण आजही वेळुणात बारसं झालं की बाळाचं नाव आत्या कानात सांगत नाही. आई कड्यावर येते नि मोठ्यानं हाक मारते, मग घर राजाचं असो की धनगराचं. आणि नाव कुणाचंही असो, ते दरीतून परत येऊ लागलं की मागं बसलेल्या म्हाताऱ्या बायका डोक्यावरून पदर घेतात.