ओढ्याकाठचा काळा दगड

फार पूर्वी, डोंगर डोक्यापर्यंत गवताने झाकलेले असत तेव्हा, एका उतारावर साळिंदरांचं घर होतं. घराला तीन दारं होती आणि त्यांचा सगळ्यांना मोठा अभिमान होता.

थोरली तुळी पलीकडच्या डोंगरावर मावशीकडे वाढली. तिथे तिने वणवा पाहिला होता. घरी परतल्यावर ती म्हणाली, "आग लागली तर बाहेर पडून कुठे जमायचं, ते आजच ठरवू या. ओढ्याकाठचा काळा दगड चालेल?"

"आली शहाणी!" मामा काटे खुळखुळवत हसला. "तीन दारं आहेत, बाई. वाटेल तिकडून पळ."

आई मात्र रागावली. "भरल्या घरात असलं अभद्र बोलू नये, तुळे. पुन्हा विषय काढायचा नाही."

तुळीने विषय काढला नाही. धाकट्या ठकूला तेवढा तिने तो दगड दाखवून ठेवला.

ऐन उन्हाळ्यात उतार पेटला. जो तो दिसेल त्या दारातून बाहेर पळाला. तुळी दगडाशी पोहोचली, तर ठकू तिथे शहाण्यासारखी बसलेली! तिला घेऊन तुळी आईला शोधत निघाली. वर बांधापाशी मामा एकटाच उभा होता.

"आई कुठंय?"

"बाहेर आली होती गं," मामा म्हणाला. "ठकू दिसेना, म्हणून परत आत गेली."

खाली तिन्ही दारांतून धूर येत होता.

ठकूने हळूच विचारलं, "ताई, आईला आपला दगड माहीत नव्हता?"

तुळीने मामाकडे पाहिलं. त्याचा एकही काटा वाजला नाही.