घराच्या नाकातली काठी

इथल्या प्रत्येक छपरातून काठी वर आलेली दिसते ना, ती झेंड्याची नव्हे. आता घरोघरी वीज आली, शेगड्या आल्या, तिचा उपयोग काहीच उरला नाही. तरी काठी आहेच. पुरुषांनी तिला हात लावायचा नसतो आणि पाहुण्यांनी तर मुळीच नाही. अहो, तुम्हालाच सांगतोय, मागे व्हा!

फार पूर्वी उत्तर टोकाच्या या किनाऱ्यावर दगड-मातीची घरं होती. छपराला हवेसाठी एक भोक ठेवत, त्याला घराचं नाक म्हणत. एका घरात इवालू नावाची सून आणि तिची सासू आतिताक, दोघीच होत्या. इवालूचा नवरा सोर्काक सीलच्या शिकारीला लांब बर्फावर गेला होता. थंडी सोसवेना, म्हणून इवालूने गवताचा बोळा कोंबून नाक बंद केलं. मग वादळ आलं आणि अख्खं घर बर्फाखाली गडप झालं म्हणे. दाराचं भुयारही बुजलं.

तीन दिवसांनी दिवा मिणमिणायला लागला. इवालूने चरबी घातली, वात सारखी केली. ज्योत आणखीच खाली गेली. तिचं डोकं जड झालं, तेव्हा कुठे ध्यानात आलं, संपतेय ती चरबी नव्हे, हवा! तिने बोळा उपसला, तर वर दगडासारखा बर्फ. आपल्याच हाताने आपण दोघींचा गळा दाबला, या विचाराने तिला रडू फुटलं.

घरात लांब वस्तू एकच, सोर्काकचा जादाचा भाला. पण भाल्याला बाईचा हात लागला की सील त्या शिकाऱ्याकडे फिरकत नाही, अशी तेव्हाची समजूत.

"हात लावू नकोस गं," आतिताक ओरडली. "माझा लेक उपाशी मरेल!"

"आई, तो परत येईल तेव्हा आपण तरी असू का?"

 मग म्हातारी स्वतःच उठली, भाला उतरवला आणि आपली टेकायची काठी चामड्याच्या वादीने त्याला करकचून बांधली. "दोष लागायचा तर मला लागू दे," ती म्हणाली. दोघींनी रेटा दिला. अखेर टोक वर निघालं आणि गार वारा आत आला. पण काठी फिरवत राहिलं नाही, तर भोक पुन्हा गोठायचं.

"तू नीज, मी फिरवते," सासू म्हणाली.

इवालूला जाग आली ती वरच्या खणण्याच्या आवाजाने. सोर्काकला बर्फातून हलणारी काठी लांबून दिसली होती, असं सांगतात. घरात दिवा नीट जळत होता. आतिताक काठी धरून भिंतीला टेकून उभी होती, पण अंग गार पडलं होतं. तिची बोटं इवालूने एकेक करून सोडवली.

सोर्काकने तो भाला तसाच छपरात राहू दिला. पुढे त्याला सील मिळाले का, म्हणता? न मिळून कसं चालेल, मी त्याच्याच वंशातला!

आजही हिवाळाभर रोज सकाळी घरातली सून ती काठी एकदा फिरवते आणि म्हणते, "आई, आता तुम्ही निजा."