तटाखालची माती

पूर्वी शंखपुरात दृढधन्वा नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा भद्रक नावाचा अमात्य होता. त्या काळी शंखपूर आणि शेजारचे नीलकच्छ यांच्यात मोठे युद्ध झाले. इतकी माणसे कापली गेली की भांडण कशावरून लागले होते, हे सांगायलाही कोणी धड उरले नाही. नीलकच्छचा राजा रणात पडला. त्याची राणी विपुला शरण आली आणि तहाच्या अटी ठरवायला दरबार भरला.

भद्रक म्हणाला, "महाराज, सीमा ठरवा, कैदी सोडा आणि त्यांना घरी जाऊ द्या. निदान आपल्या माणसांसाठी रडू तरी द्या."

राजाला हे पुळचट वाटले. त्याने अट घातली, की दरवर्षी विजयदिनी नीलकच्छच्या प्रत्येक घरातल्या एकाने आपल्या शेतातली टोपलीभर माती डोक्यावरून आणावी आणि शंखपूरच्या तटाखाली ओतावी. पहिली टोपली राणीची. त्या मातीवर सिंहासन मांडून राजा बसणार, म्हणजे शत्रूच्या उरावर बसल्याचे सुख मिळणार. दरबाराने माना डोलावल्या. राणीने अटीखाली मुद्रा उमटवली. नाही म्हणायची सोय तिला होती कुठे?

पहिल्या वर्षी टोपल्यांची रांग आली, तेव्हा भद्रक वेशीबाहेरच्या वळणावर घागर घेऊन उभा राहिला. येणाऱ्याला ओंजळभर पाणी द्यायचे, एवढेच त्याच्या हातात होते. राणी पाणी प्यायली, पण तिने मान वर केली नाही.

वर्षे गेली. ढिगाची टेकडी झाली. सिंहासन दरवर्षी आणखी उंच हवे, म्हणून राजा हत्तींकडून माती तुडवून घट्ट करून घेई.

"टेकडी तटाला टेकायला आली, महाराज," भद्रक एकदा म्हणाला. "ही माती शेतांत पसरवा आणि अट मोडा. ती माणसे युद्ध केव्हाच विसरली असती. आपणच त्यांना दरवर्षी आठवण करून देतो."

"पाणी पाजता पाजता तू त्यांचाच झालास," राजा म्हणाला आणि त्याने भद्रकाचे अमात्यपद काढून घेतले. नगरातले लोकही त्याला शत्रूचा पाणक्या म्हणू लागले. भद्रकाच्या ते फार जिव्हारी लागले. तरी पुढच्या विजयदिनी तो वळणावर होताच.

मग एका वर्षी रांग आली आणि कोणीच पाणी घेतले नाही. टोपल्यांत मातीखाली तलवारी होत्या. राजाने हौसेने घट्ट करून घेतलेल्या चढावरून नीलकच्छची माणसे सरळ तटावर गेली. शिडी कोणालाच लागली नाही. राजा आपल्या सिंहासनाजवळच मारला गेला.

दुसऱ्या दिवशी म्हातारी विपुला त्याच सिंहासनावर बसली आणि तिने आपला तह सांगितला. शंखपूरच्या प्रत्येक घराने दरवर्षी ही माती डोक्यावरून नीलकच्छला परत न्यायची.

भद्रकाने हात जोडले. "महाराणी, हे ओझे कसे असते ते तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे म्हणूनच लादते आहे," ती म्हणाली. "तुमचे पाणी मी विसरले नाही, आर्य. तुमच्या घराला ही अट नाही."

"मला सूट नको. अट काढा."

राणीने मागे उभ्या असलेल्या आपल्या माणसांकडे पाहिले. "यांना मी काय सांगू?" ती म्हणाली.

भद्रकाने वाकून पहिली टोपली भरली आणि डोक्यावर घेतली. त्याच्या मागून येणारे नगरवासी त्यालाच शिव्या देत होते. वेशीबाहेरच्या वळणाशी त्याचा घसा कोरडा पडला. सवयीने त्याने बाजूला पाहिले. तिथे कोणी उभे नव्हते.

बोधिसत्त्व पुढे बुद्ध झाले, तेव्हा त्या शास्त्यांनी ही कथा दोन गावांच्या प्रमुखांना सांगितली. त्यांच्यात मारामारी झाली होती, आणि जिंकलेला प्रमुख हरलेल्यांवर घातलेल्या अटींना आशीर्वाद मागायला आला होता. शास्ते त्याला म्हणाले, "तेव्हाचा दृढधन्वा तू. तुझ्यामागे मान खाली घालून बसलेला हा तेव्हाची विपुला. आणि भद्रक मी होतो."

प्रमुखाने मागे वळून पाहिले. हरलेल्याची मान अजून खालीच होती.

"हरलेल्यावर ओझे न लादण्याच्या गुणाला क्षांती, म्हणजे क्षमा, म्हणतात," शास्ते म्हणाले. "जिंकलेल्यालाच ती दाखवता येते, आणि तीही पहिल्या दिवशीच. मी त्या जन्मी जिंकलेल्या राजाला ती पटवू शकलो नाही आणि स्वतः टोपली उचलून दाखवली, तीही हरल्यावर. तिचा कोणाला उपयोग झाला नाही."