भिवराबाईच्या पापण्या

भिवराबाईचा अर्ज आरोग्यकोठीने तिसऱ्यांदा परत केला.

ही कोठी उदाजीराजांनीच काढलेली. प्रत्येक घराने वर्षाला एक पायली धान्य कोठीत घालायचं, आणि घरात कुणी आजारी पडलं की वैद्याचा खर्च कोठीने द्यायचा. भिवराबाई राजवाड्याची शिंपीण. एकोणीस वर्षं तिने पायली चुकवली नव्हती, आणि आजारीही पडली नव्हती. आता मात्र तिच्या पापण्यांची कातडी सैल होऊन डोळ्यांवर ओघळली होती. समोरच्या माणसाची तिला हनुवटी दिसे, कपाळ दिसत नसे. सुई ओवायची तर एका हाताने पापणी उचलून धरावी लागे आणि दोरा दातात. मागच्या महिन्यात विहिरीची पायरी चुकली आणि ती गुडघ्यावर आपटली.

शल्यवैद्याने तिची पापणी डिंक लावलेल्या चिंधीने वर चिकटवली आणि विचारलं, "आता?"

"आता तुमच्या भुवईतला पांढरा केससुद्धा दिसतो!"

"मग जादा कातडी कापून टाके घालू. डोळा निरोगी आहे."

या शेवटच्या तीन शब्दांनी घोटाळा केला. कोठीचे कारभारी रंगोपंत यांनी ते तीन शब्द लाल शाईने अधोरेखित केले आणि खाली लिहिलं: 'डोळा निरोगी. सबब पापणी कापणे हे रूप खुलवणे होय. कोठी रोगाला देते, रूपाला नाही.'

भिवराबाई थेट राजाकडे गेली.

"नियम माझाच आहे," उदाजीराजे म्हणाले. आपला नियम चुकला असं त्यांना आजवर कधी वाटलं नव्हतं. "डोळा निरोगी आहे ना?"

"आहे, महाराज."

"आणि दिसत नाही?"

"नाही, महाराज."

"निरोगी डोळ्याला दिसत नाही! आठ दिवसांत हे मला पटवून दे. पटलं तर कोठी खर्च देईल. नाही पटलं तर पुन्हा अर्ज करायचा नाही."

"बरं," भिवराबाई म्हणाली. "तोवर आपल्या वाढदिवसाची पगडी शिवायची आहे, ती शिवते."

डिंकाची चिंधी दुपारपर्यंत टिकायची, म्हणून ती रोज सकाळीच शिवायला बसली.

आठव्या दिवशी दरबार भरला. पगडी अप्रतिम होती! लाल मखमल, आणि समोर जरीची दाट झालर, भुवयांवरून थेट डोळ्यांच्या मध्यापर्यंत आलेली. सगळे "वा! वा!" म्हणाले. राजांनी खांबाला नमस्कार केला. मग ते सिंहासनाकडे निघाले आणि सेनापतींच्या मांडीवर बसले.

सेनापती तसेच ताठ बसून राहिले. राजाला ऊठ कसं म्हणायचं?

"हे सिंहासन आज इतकं मऊ का?" राजे म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. "भिवराबाई! ही झालर काप! आत्ताच्या आत्ता!"

"का, महाराज? शोभत नाही?"

"शोभते! पण दिसत नाही!"

"अगंबाई! डोळ्यांना काही झालं? वैद्यांना बोलावू?"

"डोळे ठणठणीत आहेत माझे! ही वरची झालर आड येते, त्याला डोळे काय करणार?"

आपण काय बोललो ते राजांना सगळ्यांच्या नंतर कळलं.

भिवराबाईने कमरेची कातर काढली. "कापते. फक्त रंगोपंतांना विचारून घ्या, महाराज. ही कातर रोगासाठी चालवायची की रूपासाठी?"

रंगोपंत पायांकडे बघू लागले.

राजांनी झालर दोन बोटांनी वर धरली. "थांब. पापणीचं पटलं. पण रंगोपंतांचंही खोटं नाही. उद्या एक येईल, म्हणेल नाक बसकं आहे. दुसरा म्हणेल गाल सुटलेत. सगळेच म्हणणार, आम्हाला फार त्रास होतो! कोठीने कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हे एका वाक्यात सांग. नाहीतर माझी झालर राहील तशी राहू दे, आणि तुझीही!"

कोठी निघाल्यापासून शास्त्री-पंडित ज्यावर वाद घालत होते, ते एका वाक्यात! भिवराबाईने कातर मिटली.

"घरातला आरसा काढून घ्यायचा, महाराज; आरसा नसतानाही जे अडतं ते कोठीचं, आणि आरशासमोरच जे अडतं ते ज्याचं त्याचं."

"हं. भाजून बोटं एकमेकांना चिकटलेला माणूस?"

"त्याला घास उचलता येत नाही. त्यात आरशाचं काय काम?"

"आणि फाटक्या ओठाचं मूल जन्मलं तर? ते तर रूपाचंच व्यंग!"

"त्या बाळाने आरसा पाहिलेलाच नाही, महाराज. दूध ओढता येत नाही म्हणून ते रडतं."

राजे मान डोलावून रंगोपंतांकडे वळले. मग म्हणाले, "रंगोपंत, हनुवटी टोकदार करायचा तुमचाही एक अर्ज कोठीत आहे ना?"

"होता, महाराज," रंगोपंत म्हणाले.

आता मात्र राजांना हसू आवरेना. हसता हसता बोटं सुटली, झालर पुन्हा डोळ्यांवर आली, आणि ते आंधळ्यासारखे हात हलवत ओरडले, "काप बाई, काप! नजरेसाठी काप! पापण्यांचा खर्च कोठीचा! आणि माझ्याकडून वेगळं काय हवं ते माग!"

भिवराबाईने झालर एका फटक्यात उतरवली.

"शिंपीखान्यात खिडकीजवळची जागा, महाराज," ती म्हणाली. "इतके दिवस मागितली नव्हती. उपयोग नव्हता."

"दिली!"