बाभळीवरचे रिकामे खोपे

विहिरींवर लोखंडी जाळ्या बसण्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. एका विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरण पक्ष्यांचे खोपे लटकत. विणीचा हंगाम संपला की सुगरणी उडून जात आणि रिकाम्या खोप्यात इवलीशी मुनिया अंडी घाली. कुणाची काही तक्रार नव्हती.

मग पक्ष्यांनी पंचायत नेमली. सरपंच झाला बगळा. बाभळीची पाहणी करताना तो भारावूनच गेला. "अहाहा! ही तर आपली संस्कृती! यात यापुढे कुणी राहायचं नाही."

"पण सरपंचसाहेब, माझी अंडी आज-उद्यावर आलीत," मुनिया म्हणाली. "मी जाऊ कुठं?"

"बाई, बेघरांबद्दल पंचायतीला फार कळवळा आहे. म्हणून तर उद्याच घरटे महोत्सव ठेवलाय. प्रमुख पाहुण्या तुम्हीच!"

महोत्सव दणक्यात झाला. जन्मात घरट्यासाठी काडी न उचललेल्या कोकिळेनं घराच्या मायेवर गाणं म्हटलं. सगळ्यांचे डोळे पाणावले. शेवटी बगळ्यानं मुनियेच्या गळ्यात सुक्या गवताचा जाडजूड हार घातला.

मुनियेनं तो हार बाभळीच्या बेचक्यात नेला, चोचीनं वळवून गोल केला आणि त्यातच अंडी घातली.

सकाळी पंचायत धावून आली. "विनापरवाना बांधकाम!" बगळा गरजला. मग त्यानं जवळून पाहिलं आणि त्याचा आवाज मऊ झाला.

"काय कलाकुसर आहे! पाडू नका रे, हेही जतन करू. फक्त ही बाई आणि तिची अंडी तेवढी बाहेर काढा."