बायोच्या मुळाशी चिमूटभर मीठ

मथुरेने एकदा एक नवस बोलला होता, आणि तो भल्याचा नव्हता. कांदळवाडीच्या धक्क्यावरून वर आलं की माडीचं, म्हणजे माडाच्या ताडीचं, दुकान लागतं, चार बाकड्यांचं, झावळांनी शाकारलेलं, त्याची सगळी रीत त्या एका नवसातून आली, असं सांगतात. इथे गिऱ्हाईक पेला संपवून तसाच उठून जात नाही. परसातल्या माडाच्या मुळाशी चिमूटभर मीठ टाकतं, मग स्वयंपाकघराच्या खिडकीशी वाकतं आणि आत जी कोणी बाई रांधत असेल तिला जेवणाबद्दल एक शब्द सांगतं. खारट तर खारट, फक्कड तर फक्कड. परगावचे पाहुणे आधी हसतात, आणि गोष्ट ऐकली की मीठ मागतात.

मथुरा घाटावरची. तिचा बाप बैल घेऊन खाडीकाठच्या मिठागरावर मीठ न्यायला यायचा, त्या ओळखीतून तिला इथे दिली. नवरा धाकू माडी काढणारा, दुकानही त्याचंच. कमरेला कोयती बांधून दिवसातून तीनदा माडावर चढायचा. त्याचे माड पुष्कळ, पण परसातल्या एकाच माडाला त्याने नाव ठेवलं होतं, बायो. सकाळी उठला की तोंड धुवायच्या आधी बायोच्या खोडाला हात लावायचा. वर चढून पोय, म्हणजे माडाचा तुरा, हलक्या हाताने थोपटायचा, तासायचा, खाली मडकं बांधायचा. चढताना तिच्याशी बोलायचासुद्धा. बायकोशी बोलायला मात्र त्याच्याकडे दोनच वाक्यं असत, "जेवण झाला?" आणि "वाढ."

संध्याकाळी दुकान भरायचं. होडीवाले, मिठागरावरचे, बाजारातून परतणारे. कुडाच्या भिंतीपलीकडे चुलीशी बसून मथुरा सगळं ऐकायची.

"धाकू, बायोक सांग, तांडेल इलो म्हणान!"

"काय गोड दिता रे तुझी बायो! साकर खाता की काय?"

"जावयावरची सासरवाडीची माया असा ती, मेल्या. तुका नाय कळूची."

हसणं पिकायचं. मथुरेने पहाटेपासून भिजवून, वाटून, परतून केलेली काळ्या वाटाण्याची उसळ पानांवर यायची, पानं पुसून निघायची, आणि उसळीबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे. जाताना लोक माडाकडे बघून हात जोडायचे. चुलीकडे कोणी बघायचं नाही.

सवत माणूस असती तर भांडता आलं असतं. झाडाशी काय भांडायचं? वाऱ्याने बायोच्या झावळ्या सळसळल्या की मथुरेला वाटायचं, ही मला हसते. परसात जाताना ती पदर सावरून, मान वळवून जायची. वाटण वाटतावाटता वरवंटा थांबायचा आणि डोळे माडावर जायचे. अंगाची नुसती आग व्हायची. ही मेली तर माझा नवरा माझ्याकडे बघेल, एवढं एकच तिच्या मनाने धरलं.

नवस बोलताना जीभ जपावी, असं आमच्याकडे म्हणतात. देवी ऐकते, आणि सगळंच ऐकते. मथुरा ग्रामदेवी सातेरीच्या देवळात गेली, ओटी भरली आणि पुटपुटली, "आई, त्या माडाची माडी आटू दे. ती आटेपर्यंत माझ्या तोंडी मीठ लागणार नाही." घाटावर तिने पाहिलं होतं, गोणी फुटून जिथे मीठ सांडतं तिथे गवतही उगवत नाही. म्हणून तिने आपल्या वाटणीचं मीठ बायोच्या मुळाशी घालायला सुरुवात केली. दुपारी धाकू जरा लवंडला की ओच्यात मूठ लपवून जायची.

आणि म्हणे, बायो जी पाझरायला लागली! मडकं भरून सांडे. धाकू नाचायचाच बाकी राहिला. पलीकडच्या तीरावरून होड्या येऊ लागल्या. जिकडे तिकडे बायोचंच नाव. मथुरेला काही उमजेना. ती आणखी मीठ घालू लागली. तोंडाची चव गेली, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. शेवटी एक दिवस तिने मिठाचा रांजणच उपडा केला. नवं मीठ यायला अजून शिमगा जायचा होता.

त्या संध्याकाळी उसळ अळणी गेली.

दुकान एकाएकी गप्प झालं. पेले तसेच भरलेले. म्हातारे आबा तांडेल कुडाजवळ आले. एवढ्या वर्षांत त्यांनी कुडाकडे तोंड केलं नव्हतं.

"सूनबाय, बरा नाय काय गो तुका?"

आतून नुसता भांड्यांचा आवाज आला.

"माडी खयच्याय माडाखाली गावता गो. आमी हयसर येतंव ता तुझ्या उसळीसाठी. आज घास गिळना नाय, तर माडीय उतरना नाय."

"मग एवढे दिवस बोलला का नाहीत?" मथुरा आतून कडाडली, आणि तिला रडू कोसळलं.

आबा खाली मान घालून म्हणाले, "रोज उसळ बरीच आसायची, म्हणान बोलूक नाय."

मग तिने सगळं सांगितलं. मीठ, नवस, सगळं. लोक आधी पोट धरून हसले. "अगो, माडाक मीठच लागता! तूच पोसलंस तिका!" पण धाकू हसला नाही. तो बांगड्यांकडे बघत होता. "किती दिस अळणी खातंस?" त्याने विचारलं. तिने तोंड फिरवलं.

देवीपुढे बोललेला शब्द परत घेता येत नाही. माडी आटत नाही तोवर मथुरेला मीठ नाही, आणि मिठावर पोसलेली माडी आता आटायची नव्हती. धाकूने कोयती कमरेला बांधली.

"नको," मथुरा खोडाला आडवी झाली. "तुमचा जीव आहे तिच्यात."

"खुळी खयची," धाकू म्हणाला. "बाजूक सर गो."

तो वर चढला. वाहत्या पोयी त्याने एकेक करून उतरवल्या, मडकी सोडली आणि खाली येऊन सगळ्यांदेखत म्हणाला, "हिका आता माडयेसाठी कोण हात लावचो नाय. नारळ धरांदेत." त्या क्षणी बायोची माडी आटली. नवस फिटला. आबा तांडेलांनी घरून मूठभर मीठ आणलं. त्यातलं चिमूटभर माडाच्या मुळाशी, बाकीचं उसळीत. पहिला घास धाकूने मथुरेला भरवला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच कोयतीने कुडाला खिडकी पाडली.

मथुरेने पुढे बायोचाच नारळ उसळीत वाटला. चव दुणावली, असं म्हणतात.

आजही त्या परसात बायोच्या नारळाच्या वंशातला माड उभा आहे. त्याची माडी कोणी काढत नाही. बुंध्याशी मीठ पांढरं दिसतं, आणि खिडकीची चौकट वाकणाऱ्यांच्या हातांनी गुळगुळीत झाली आहे. तुम्हीही पेला संपला की चिमूटभर मीठ टाका, खिडकीशी वाका आणि आतलीला एक शब्द सांगा. आणि तेवढ्यावर थांबू नका. घरी गेल्यावर, ताटावरून उठण्याआधी, आपल्या चुलीकडेही एकदा तोंड करा.